शेवंतीला ओढणारी गाडी

म्हैसूरला लोक राजवाडा बघायला जातात आणि येताना चंदनाचा साबण आणतात. मी गेले होते ती एक मोटार विकत घेऊ द्यायची नाही म्हणून. राजवाडा मला दिसला तो चालत्या गाडीच्या काचेतून, तोही पाठमोरा. ज्यांना राजवाड्याचं वर्णन हवंय त्यांनी दुसरं काहीतरी वाचावं.

सांगलीत आम्ही दहा-बारा जण पायी चालणाऱ्यांच्या हक्कांसाठी भांडतो. फूटपाथ मोकळे करा, शाळेसमोर गाड्यांना आवरा, अशा मागण्या. पत्रकं बहुतेक मीच लिहिते. 'बसणार एक माणूस, दोन टन लोखंड कशाला?' हे आमचं गाजलेलं पत्रक माझं. त्याचा एक गठ्ठा मी सुमनमावशीला म्हैसूरला पाठवला होता. काही महिन्यांनी तिचा फोन आला. म्हणाली, तुझ्या काकांना पत्रक वाचून दाखवलं, ते हसले. आता हत्तीएवढी गाडी घ्यायला निघालेत. घरात गाडी चालवता येते ती एकट्या पोरीला, गौरीला, तिला लायसन्स मिळून वर्ष झालेलं नाही, आणि त्या गाडीमागं अजून एक गाडी जोडून तीत घोडी चढवायची म्हणतात.

"तू ये आणि थांबव. माझं इथं कोण ऐकतंय?"

मी पिशवीत पन्नास पत्रकं टाकली आणि मिरजेला रेल्वेत बसले.

मावशीच्या घरी

हनुमंतरावकाकांचे पूर्वज म्हैसूरच्या राजाच्या घोडदळात शिपाई म्हणून आले आणि इथलेच झाले. पणजोबा घोड्यावर बसले, आजोबांनी टांगा हाकला, काकांनीही गुडघे होते तोवर टांगाच हाकला. आता टांगा नाही. आहे ती शेवंती, एक पांढरी घोडी, नाकपुडीवर गुलाबी डाग. लग्नात नवरदेव मिरवायला ती जाते. घर तिच्यावर चालत नाही, काकांचं चाऱ्या-पेंडीचं दुकान आहे, पण घरातलं सगळं तिच्याभोवती चालतं. सकाळचा पहिला चहाही तिचा खरारा झाल्याशिवाय होत नाही.

घरात मराठी बोलतात. म्हणजे वाक्य मराठीत निघतं आणि कन्नडमध्ये पोचतं. मावशी मूळची आमच्या सांगलीची, पण तीही आता "सारू बिसी आहे, जपून" म्हणते. आमटी गरम आहे हे मला वाटीत बोट घातल्यावर कळलं. पहिल्या जेवणाला मुद्दे, म्हणजे नाचणीच्या उकडीचा गोळा होता. आपल्याकडं भाकरी चावायची असते, त्या सवयीनं मी तो चावत बसले आणि टाळ्याला चिकटवून घेतला. गौरी हसून लोळायची बाकी राहिली. ती माझ्याहून पाच वर्षांनी लहान, कॉलेजात शिकते, मला अक्का म्हणते. "अक्का, चावायचं नाही. सारूत बुडवायचं आणि गिळायचं. भिऊ नको."

"लीडरम्मा आहे ती," काका म्हणाले. "न चावता काही गिळणार नाही." तेव्हापासून मी लीडरम्मा झाले.

जेवणानंतर मला शेवंतीचा मागचा पाय दाखवण्यात आला. गुडघ्याखाली वीतभर व्रण होता. गेल्या वर्षी भाड्याच्या उघड्या टेम्पोतून नेताना चालकानं करकचून ब्रेक दाबला, ती आतल्या आत पडली. त्यानंतर ती टेम्पोच्या उंच फळीवर पायच ठेवत नाही. बाहेरगावची दोन लग्नं मोडली. म्हणून काकांनी बेळगोळच्या औद्योगिक वसाहतीत सिद्धप्पा नावाच्या कारागिराकडं घोडीसाठी बुटका ट्रेलर बनवायला टाकला होता. दोन चाकं, पुढं एक लांब दांडी, ती मोटारीला अडकवायची. पुढच्या रविवारी बेट्टदपुरचं लग्न होतं. तिथंही जमलं नाही तर शेवंतीला विकायची, असं काका म्हणाले होते, आणि ते ऐकून गौरी दोन दिवस जेवली नव्हती.

स्वयंपाकघरात मावशी मला एकटीला म्हणाली, "घोडी पाहिजे मलाही. पण मागं हजार किलोचं धूड आणि पुढं माझी पोर. उतारावर ते हिच्या अंगावर आलं तर?" तिच्या हातातला डाव तसाच राहिला होता. मी तिला सांगितलं, ती गाडी मी घेऊ देणार नाही. भयंकर आत्मविश्वास होता मला.

शोरूम

दुसऱ्या दिवशी निघालो. म्हैसूरचे रस्ते रुंद आहेत, फूटपाथ तर असे की आमच्या सांगलीकरांनी बसून रडावं. आणि त्या फूटपाथांवर गाड्या चढवलेल्या. पांढऱ्या, काळ्या, चकचकीत. त्यांना वळसा घालून एक म्हातारा काठी टेकत भर रस्त्यातून चालला होता. मी रिक्षा थांबवून तीन गाड्यांच्या वायपरखाली पत्रकं खोचली. मराठीतली. गौरीनं विचारलं, हे वाचणार कोण? राग आला की माझं असं होतं.

शोरूममध्ये काकांना पसंत पडलेली काळी गाडी मधोमध उभी होती. काकांनी तिच्याभोवती एक फेरी मारली. आधी समोरून छाती पाहिली, मग बाजूनं पाठ, मग मागं जाऊन पुठ्ठा. वाकून एकेक चाक खुरासारखं निरखलं. बाजारात जनावर घेताना असंच बघतात. शेवटी बॉनेटवर थाप मारून म्हणाले, "अंगापिंडानं चांगली आहे, अल्वा? नाही का?"

विक्रेता जे काही बोलत होता ते फक्त काकांशी. गाडी चालवणार गौरी, बसणार मावशी, प्रश्न विचारतेय मी, आणि हा बाबा उत्तरं देतोय ती गाडीच्या चाकाला कधी हात न लावलेल्या माणसाला. मी विचारलं, ही ओढेल किती? तो काकांकडं बघून म्हणाला, "दसऱ्याचा हत्ती बांधा सर मागं."

मी गाडीबरोबर येणारं पुस्तक मागितलं. ते आधी मिळेना, मग मिळालं ते प्लास्टिकमध्ये सीलबंद. मी फाडलं. ट्रेलरच्या पानावर दोन ओळी होत्या. ही गाडी ट्रेलर ओढण्यासाठी बनवलेली नाही, तसं केल्यास कंपनीची हमी राहणार नाही. मी ते मोठ्यानं वाचलं. हत्तीवाला फाटलेलं प्लास्टिक गोळा करू लागला. इतक्यात मावशीनं गाडीत चढायचा प्रयत्न केला. एक पाय वर गेला, दुसरा गुडघा नको म्हणाला, आणि ती दाराला धरून तशीच लोंबकळली. आम्ही दोघींनी तिला खाली घेतली.

काळी गाडी बाद झाली. मी जिंकले होते. समोरच्या हॉटेलात दोसा खाल्ला, लोणी वितळायच्या आत संपवला, आणि त्या तोऱ्यात पुढची चूक केली.

ओढायचंच असेल तर त्यातल्या त्यात छोटी गाडी घ्या, असं मी सुचवलं. गौरीच्या मैत्रिणीच्या वडिलांना त्यांची राखाडी गाडी विकायची होती. दिसायला एसयूव्ही, पण अंगानं मोटारकारच. बुटकी, हलकी, रस्त्यावरच्या माणसाला त्यातल्या त्यात कमी घातक. ट्रेलर ओढायचा आकडाही आधीच्या मालकानं बसवलेला. तिचं पुस्तक मी वाचलं. ब्रेक असलेला ट्रेलर अमुक वजनापर्यंत चालेल. सिद्धप्पानं ब्रेक बसवले होते, आमचं वजन त्या मर्यादेच्या काठावर बसत होतं. कागदावर बसतंय म्हटल्यावर मी पुस्तक मिटलं. त्याच्या पुढचं पान उलटलं नाही, हे लक्षात ठेवा.

कडकोळचा रस्ता

राखाडी गाडी मालकानं एका दिवसासाठी दिली. सकाळी बेळगोळला ट्रेलर ताब्यात घेतला. सिद्धप्पा साठीचा, भुवयांवर ठिणग्यांनी जळालेले केस. घोडी आज नको, तिच्या वजनाची वाळूची पोती भरून आधी चालवून बघा, असं त्यानं बजावलं. पोती पुढच्या बाजूला जास्त भरा, असंही म्हणाला. काकांनी मान डोलावली. पण भार भरताना त्यांनी कुणाला हात लावू दिला नाही. त्यांच्या घरात तो रिवाज आहे. ज्याचं जनावर, तोच भार भरणार.

आणि त्यांनी भार भरला तो टांगा भरतात तसा. टांग्यात ओझं पुढं आलं की दांड्या घोड्याच्या पाठीवर दाबतात, पाठ सोलते. म्हणून चांगला टांगेवाला बैठक मागं सरकवत सरकवत दांड्या अशा तोलतो की घोड्याला त्या फुलासारख्या लागाव्यात. काकांनी एकेक पोतं मागं ओढलं, पुढं येऊन दांडी उचलून पाहिली, पुन्हा एक पोतं मागं. शेवटी दांडी दोन बोटांवर तरंगू लागली. काका खूष. सिद्धप्पा तेव्हा दुसऱ्या गिऱ्हाइकाकडं होता. मी शेजारी उभी होते आणि मला ते फार सुंदर वाटलं. एका माणसाला आपल्या जनावराची किती दया. जनावर म्हणजे ती राखाडी गाडी.

शहराला वळसा घालून आम्ही नंजनगूडच्या रस्त्याला लागलो. गौरी चालवत होती, शेजारी काका, मागं मावशी आणि मी. गौरी बेतानंच चालवत होती. कडकोळच्या अलीकडं रस्ता सरळ होतो आणि थोडा उतार लागतो. तिथं वेग जरा वाढला. उजवीकडून एक बस भन्नाट गेली, तिच्या वाऱ्यानं ट्रेलर किंचित हलला. मग दुसऱ्या बाजूला हलला. मग जास्त.

हे ज्यानं अनुभवलं नाही त्याला कसं सांगू? आपल्या पाठीमागं कुणीतरी प्रचंड माणूस उभा राहून खुर्ची डावी-उजवीकडं ढकलतोय, आणि दर वेळी आधीपेक्षा जोरात, असं. गाडीचं बूड सरकत होतं. आरशात ट्रेलर एकदा उजवीकडं अख्खा दिसायचा, एकदा डावीकडं. मावशीनं माझं मनगट धरलं ते इतकं घट्ट की बांगडी वाकली.

मी ओरडले, "ब्रेक! गौरी, ब्रेक!"

हे मी लिहून ठेवतेय, कारण मी लोकांच्या चुका छापते.

काका ओरडले नाहीत. उधळलेल्या घोड्यामागं त्यांनी उभं आयुष्य काढलंय. त्यांनी हात गौरीच्या हातांजवळ नेला, लावला नाही. "ओढू नको. नुसतं धरून राहा. पाय काढ स्वल्प. स्वल्प. हां."

गौरीनं पाय काढला. चाक सरळ धरून ठेवलं. तिच्या मानेची शीर मला मागून दिसत होती. ट्रेलर आणखी दोनदा जोरात झोकला, दुसऱ्या झोकात मागचं दार निखळलं, एक पोतं फुटून रस्त्यावर वाळूची रेघ उमटली. डाव्या कडेला बसची वाट बघत एक बाई उभी होती. ट्रेलरचा मागचा कोपरा तिच्या समोरून गेला. तिची छत्री उडाली. मग झोके लहान झाले, गाडी मंदावली, थांबली.

गौरीचे हात चाकावरून सुटेनात, मावशीनं मागून वाकून एकेक बोट सोडवलं.

ती बाई चालत आली. जखम नव्हती. आधी तिनं गौरीचा चेहरा पाहिला, मग काकांना आणि मला कन्नडमध्ये विचारलं की हा रस्ता तुमच्या बापाचा आहे का. सांगलीच्या मोडक्या कन्नडलाही एवढं समजतं. हेच वाक्य आमच्या तिसऱ्या पत्रकाचं शीर्षक आहे. ते मला कुणी ऐकवेल असं कधी वाटलं नव्हतं. मी हात जोडले. तिची छत्री शोधून आणली, एक काडी मोडली होती. तिनं पिशवीतून पाण्याची बाटली काढून गौरीला दिली आणि बस आली तशी निघून गेली. मागं वळून पाहिलं नाही.

पुन्हा बेळगोळ

उरलेली पोती आम्ही पुढं सरकवली आणि सायकलच्या वेगानं परतलो. सिद्धप्पानं निखळलेलं दार पाहिलं, मग पोती कशी भरली होती ते काकांनाच विचारलं. काकांनी सांगितलं, काही न लपवता. त्यावर सिद्धप्पा जे बोलला ते गौरीनं मला नंतर नीट समजावलं. टांग्यात घोड्याला पाठ असते, ती दुखते. मोटारीला पाठ नसते. तिच्या मागच्या चाकांवर दांडीचं थोडं वजन पडलंच पाहिजे, नाहीतर ट्रेलर शेपटासारखा फिरतो. आणि दुसरं म्हणजे ओढणारी गाडी ओढल्या जाणाऱ्यापेक्षा चांगली भारी आणि लांब हवी. वासराला दावं बांधून गाय न्यायला सांगितली तर कोण कुणाला नेईल?

मी राखाडी गाडीचं पुस्तक काढलं आणि ते राहिलेलं पुढचं पान उलटलं. दांडीवर किती वजन पडलं पाहिजे ते तिथं स्पष्ट छापलं होतं. चौकटीत.

काका शेडबाहेर दगडावर बसले होते. मी जाऊन शेजारी बसले आणि पुस्तक त्यांच्या मांडीवर ठेवलं. म्हटलं, हे मी वाचायला हवं होतं, छोटी गाडी मीच घ्यायला लावत होते. ते वाळूच्या पोत्यांकडं बघत होते.

"आज आत शेवंती असती तर?" ते म्हणाले. "आणि मी गौरीला बसवलं पुढं. भार भरायला मला येतो, म्हणून."

गाडी घ्यायची नाही, शेवंतीला विकू, असं ते म्हणतील असं मला वाटलं. चार दिवसांपूर्वी मला तेच हवं होतं. पण गौरी आली, त्यांच्यासमोर उभी राहिली आणि म्हणाली, "अप्पा, उद्या परत शिकवा. नीट भरून."

सिद्धप्पाच्या शेडमागं एक जुनी मोठी गाडी उभी होती. कोडगूच्या, म्हणजे कूर्गच्या, एका कॉफीमळेवाल्यानं विकायला ठेवलेली. मळकट पांढरी, लांबलचक, खाली लोखंडी शिडीसारखी जाड चौकट, मागं भक्कम आकडा. दोन टनांच्या वरच. माझ्या पत्रकात जिचं चित्र आहे ती हीच म्हणायची. या खेपेला पुस्तक आम्ही पहिल्या पानापासून वाचलं, गौरी, मी आणि चष्मा लावून मावशी. ट्रेलर चालत होता, तोही भरपूर जागा ठेवून. दाराखाली रुंद पायरी होती. मावशी एक पाय ठेवून चढली, दुसरा ठेवून आत बसली, आणि तिथूनच म्हणाली की तिची एक अट आहे. गाडी घोडीसाठी. भाजीला, देवळाला, लग्नाच्या आमंत्रणाला ही निघाली तर ती स्वतः आडवी पडेल. काकांनी आयतु म्हणून मान्य केलं. मग त्यांनी गाडीभोवती त्यांची फेरी मारली. मागच्या बंपरवर मोठा पोचा होता. त्यावरून हात फिरवत म्हणाले, "काम केलेलं जनावर आहे."

पुढचे चार दिवस आम्ही वाळूची पोती घेऊन हिंडलो. दांडीखाली वजनकाटा ठेवून भार तोलायचा, मग गौरी चालवायची. पाचव्या दिवशी शेवंती बुटक्या फळीवर एक पाय ठेवून अर्धा तास उभी राहिली. कुणी ओढलं नाही. मग ती स्वतःहून चढली.

बेट्टदपुर

ट्रेलरच्या परवान्याचे कागद घेऊन रविवारी पहाटे निघालो. हुणसूरपर्यंत प्रत्येक उताराला माझं अंग खुर्चीत आवळून बसायचं, आता हलेल, आता हलेल. मावशीचा हात माझ्या मनगटावर होताच. मागून एक लॉरी आली, भोंगा वाजवत पुढं गेली. ट्रेलरनं तिचा वारा घेतला आणि सरळ येत राहिला. गौरीनं आरशात पाहिलं, मग रस्त्यावर पाहिलं.

बेट्टदपुरला डोंगर आधी दिसतो, माथ्यावर देऊळ, मग पायथ्याचं गाव. शेवंती उतरली. काकांनी तिचे चारही पाय हातानं चाचपले. नवरदेव बराच वजनदार होता, त्याला शेवंतीनं फटाक्यांच्या आवाजात तास-दीड तास मिरवलं आणि एकदाही कान मागं टाकले नाहीत. आपल्याकडं वरातीत घोडीपुढं पोरं नाचतात, इथं बायका आरती घेऊन आधी घोडीला ओवाळतात, मग नवऱ्याला. केळीच्या पानावर चित्रान्न, हुळीची आमटी, होळिगे म्हणजे आपली पुरणपोळी झाली. गौरीला वाढप्यानं गाडी चालवणारी म्हणून दोनदा तूप वाढलं.

हे लिहिताना आमचे सांगलीचे सोबती विचारतायत, मग तू बदललीस का? अजिबात नाही. एका माणसाला दोन टन लोखंड लागत नाही. फूटपाथवरच्या गाड्यांवर मी अजूनही पत्रकं खोचणार. पण पुढचं पान आता मी उलटते.

निघताना शेवंती चढली, पाठीमागचं दार लागलं. दांडी गाडीला अडकवण्याआधी काका पुढं गेले आणि सवयीनं एका हातानं उचलून पाहिली. ती वर आली. सहज.

काकांचा हात तसाच हवेत थांबला. गौरी चाकामागून उतरली. आम्ही मागचं दार उघडलं. शेवंतीच्या मागं, अगदी टोकाला, नारळांची दोन पोती आणि तांदळाचं एक होतं. लग्नघरच्यांनी आम्ही जेवत असताना मानाचं म्हणून गुपचूप ठेवलेलं. यजमान हसत हसत पुढं आले, आमचे चेहरे बघून थांबले.

काकांनी त्यांना नमस्कार केला, आभार मानले. मग एकेक पोतं स्वतः उचलून ट्रेलरच्या पुढच्या खणात नेलं. या खेपेला मला हात लावू दिला. तिसरं पोतं आम्ही दोघांनी नेलं. मग ते बाजूला झाले आणि दांडीकडं बोट केलं.

"लीडरम्मा, तू उचल."

मी एका हातानं उचलायला गेले. हलली नाही. दोन्ही हातांनी धरली, कंबर वाकवली, तेव्हा कुठं जमिनीपासून वीतभर आली.

"जड आहे?" काकांनी विचारलं.

"जड आहे."

त्यांनी एकदा गौरीकडं पाहिलं, मग दांडी आकड्यावर बसवली.

"मग बसा."